पावतीपुस्तक

सतरा वर्षं मी आडबंदरात पिग्मी गोळा केली.
रोजचे दहा रुपये, कुणाचे पाच,
दारात चप्पल न काढता,
"वहिनी, पिग्मी," एवढंच बोलून.
कुठल्या घरात पैसे डाळीच्या डब्यात,
कुठे तसबिरीमागे,
नवऱ्यांना माहीत नसलेलं मला माहीत होतं.

मग पतपेढी बुडाली.
शटरवर नोटीस, चेअरमन पुण्याला.
दारं तिथेच राहिली,
मीच ती वाट सोडली.
बाजाराला जायचो ते खाडीकडून, ओहोटी बघून.

आता पुन्हा पुस्तक हातात आलंय.
पिवळं, पन्नास पानी, कार्बनसकट.
वर छापलंय, किनारा व कला सहाय्यक मंडळ.
'साहाय्यक'चा काना छापखान्याने खाल्ला,
पण फुकट छापून दिलं म्हणून आम्ही गप्प.

कशासाठी, विचारतात. विचारणारच.
मी सांगतो,
कासवाच्या अंड्यांना कुंपण,
दशावताराच्या पेटाऱ्याला बिजागरं,
आणि सड्यावर कातळात कोरलेला तो मासा आहे ना,
त्याच्याभोवती दगडांची एक ओळ,
म्हणजे चिरेखाणीचा जेसीबी
निदान थांबून विचारेल.

"मासो कोणी कोरलो?" जुवाव फर्नांडिस म्हणाला.
माहीत नाही.
"कित्याक?"
तेही माहीत नाही.
तो बराच वेळ हसला.
मग बोटीवरच्या पेन्शनीतले दोनशे काढले.
"म्हणजे आमच्यासारखोच कोणतरी.
काम केल्यान आणि नाव न लिवता गेलो."

रिसॉर्टवाल्या नाबरांनी पाच हजार दिले.
अट एकच,
फलक कासवापेक्षा मोठा हवा.
लावला.
पहिल्याच उधाणात तो वाकला,
आता त्यांचं नाव फक्त खेकड्यांना वाचता येतं.

हसीनाबी मुजावर शिलाई मशीनवरून उठलीच नाही.
"पैसे नाहीत. विष्णूचा शेला आण.
गेल्या जत्रेत बघितला मी, कसरीने खाल्लाय.
आणि संकासुराची जीभ पण आण,
उसवली होती, अर्ध्या नाटकात
तो हाताने धरून बोलत होता."
चार रात्री शिवत बसली.
'रक्कम अक्षरी' या रेघेवर मी लिहिलं,
शेला एक, जीभ एक.

एक दार मी शेवटपर्यंत ठेवलं होतं.

आनंदीबाई तांडेल बांगडे साफ करत होती.
मान वर न करता म्हणाली,
"अकरा हजार चारशे."
बोटीच्या इंजिनाचे होते.
आकडा मीही विसरलो नव्हतो.
पुस्तक पिशवीत सरकवायला लागलो तेवढ्यात,
"थांब."
मागीलदारी गेली,
आणि जाळ्याचं एक भेंडोळं माझ्या पायाशी टाकलं.
"फाटक्या आसा, पण कुत्रे अडतीत. पावती फाड."
म्हटलं, जाळ्याची कसली पावती?
"फाड. तुझी जुनी अजून आसा माझ्याकडे.
तिच्यावांगडा ठेवतंय."

हात कापला. शाई नाही उठली नीट.
कार्बन उलटा घातला होता, घरी आल्यावर कळलं.
तिचं नाव माझ्या प्रतीवर उमटलंच नाही,
तिच्या पावतीच्या पाठीवर मात्र उलटं उमटलं असणार.

शिमगा आटोपल्यावर एका पहाटे
आम्ही टोपली उचलली.
वाळू आतून हलायला लागली,
भाताला कढ येतो तशी.
मी मोजत होतो. दुसरं काही येत नाही मला.
एकशे सात अंडी होती.
एकसष्ट चालत निघाली,
दोन उलटी पडली ती पोरांनी सरळ केली,
एक भलतीकडेच, फलकाच्या दिशेने.

लिलावाला जाता जाता आनंदीबाई थांबली होती.
पाटी कमरेवर.
आपलं जाळं बघितलं तिने, गाठी तपासल्या,
एक पुन्हा मारली.
"दर्यातसून परत कितकी येतत?"
हजारात एक, म्हणतात.

ती पाण्याकडे बघत राहिली,
शेवटचं पिल्लू लाटेने दोनदा मागे फेकलं,
तिसऱ्यांदा नेलं.

"म्हणजे एक तरी येता मा," ती म्हणाली.
"पतपेढीपरास बरा."
आणि पाटी डोक्यावर चढवून
लिलावाला निघून गेली.