पंक्चर

एकोणीस दिवस पाण्यावर काढून
ओर्ताच्या धक्क्यावर उतरले, तर धक्काच डुलत होता.
योरित म्हणाला, तुझे कान अजून बोटीतच आहेत,
येतील संध्याकाळपर्यंत.

बोटीच्या पोटातून घडीची सायकल काढली.
साखळी मिठानं गंजून काठीसारखी ताठ,
आणि तेल संपलेलं.
सार्डिनच्या डब्यात उरलेलं ओतलं.
दिवसभर बेटावरची मांजरं
माझ्याकडे जुन्या ओळखीनं बघत राहिली.

डुलत्या माणसानं सायकलवर बसावं की नाही,
कुणी सांगत नाही.
मला जमलं. दोघीही पडायच्या बेतात होतो,
म्हणून दोघीही चालत राहिलो.

पश्चिमेकडे. डावीकडे समुद्र, उजवीकडे गाई,
निळ्या हायड्रेंजियाची कुंपणं,
मागे खाडीपल्याड पिकोचा डोंगर ढगाची टोपी सारखी करत.
तीन गिअरपैकी एक चालतो.
चढ आला की उतरायचं, उतार आला की देवाचं नाव.

मग एका वळणावर हिरवं संपतं.
विरळ होत होत नाही,
सुरीनं कापल्यासारखं.
पुढे राख. दीपगृह तळमजल्यापर्यंत राखेत रुतलेलं,
आणि त्याच्यासमोर, जिथे समुद्र असायचा,
तिथे जमीन.
नोकरीच गेली बिचाऱ्याची.

पायाखालची जमीन सरकली असं आपण म्हणतो.
जमीन आली, यासाठी मराठीत वाक्प्रचार नाही.

आमच्याकडचा काळा कातळ इतका जुना
की त्याला अहोजाहोच करावं.
ही तर माझ्या आईहून धाकटी.
अगं, म्हटलं तिला,
आणि तिनं टायरमध्ये काचेसारखी कपची खुपसली.

सायकल हातात धरून कापेलो गावापर्यंत चालत आले.
एर्मिनियोनं कुठली तू असं विचारलं नाही,
चाकाकडे बघितलं.
बाल्दे, त्यानं आत ओरडून सांगितलं.
बादली! मी म्हणाले.
तो थबकला. मग चावी, बटाटा, पाव, साबण,
मी होते नव्हते तेवढे सगळे शब्द मांडले,
चारशे वर्षांपूर्वीची उसनवारी परत करावी तसे.
बाकीचं त्याच्या बहिणीनं, इदालिनानं, इंग्रजीत जोडलं.
अमेरिकेत अकरा वर्षं मासे साफ करता करता शिकलेलं इंग्रजी.

तो ट्यूब पाण्यात बुडवून हातभर हातभर फिरवत गेला.
बराच वेळ काही नाही.
मग एक बुडबुडा.
मग माळ.

त्यानं बोट तिथेच ठेवलं, दाबलं नाही.
असंच, म्हणाला. अगदी असंच होतं सुरुवातीला.
सत्तावनचा सप्टेंबर, मी सात वर्षांचा.
देवमाशांवर नजर ठेवणारा धावत आला,
समुद्र उकळतोय म्हणाला,
आणि आम्ही हसलो.

आई रोज छपरावरची राख फावड्यानं ओढायची,
इदालिना म्हणाली.
एका दिवशी तापानं पडून होती.
छपराला तेवढं पुरलं.
मोठे तिघे भाऊ बोस्टनकडे गेले.
वडील गाडल्या गेलेल्या शेताचा सारा
पुढे तीन वर्षं भरत होते.
नाव होतं ना कागदावर, ती म्हणाली,
आणि बादलीतलं पाणी अंगणातल्या कोबीला घातलं.

एर्मिनियोनं ठिगळ लावलं, पंप मारला,
मोठ्यानं मोजत, साठपर्यंत.
पैसे घेतले नाहीत.
हात हुंगून मात्र विचारलं, सार्डिन?

दुसऱ्या दिवशी फेरीतून पिकोला गेले.
काळ्या दगडांच्या गुडघाभर भिंती,
प्रत्येक चौकोनात दोन-चार वेली.
चांगलं होतं. फार आठवत नाही.

आता पुन्हा पाणी.
सायकल घडी होऊन माझ्या बंकाखाली.
रात्री दोनच्या पाळीला उठते तेव्हा
बूट शोधता शोधता हात टायरला लागतो.
अंगठ्यानं दाबून बघते:
कापेलोच्या अंगणातली हवा, साठ पंप.
परवा दगडासारखी होती.

आज किंचित मऊ.