झुकतं माप

दगा म्हणतात इथे या माशाला.
बोटाच्या पेराएवढा, चांदीच्या चुऱ्यासारखा.
रात्रभर दिवे लावून होड्या त्याला फसवतात,
सकाळी आम्ही बायका तो वाळूवर पसरतो
आणि दिवसभर कावळ्यांशी भांडतो.

माझ्या डब्याचा तळ मासुंगानं
बाहेरून ठोकून आत घेतलाय.
मूठभर. दर मापामागे मूठभर मासे कमी.
"सगळेच करतात," तो म्हणाला,
आणि खरंच सगळेच करतात.

पापाचा घडा भरतो म्हणे.
माझा डबा काठोकाठ भरूनही
मूठभर रिकामाच राहायचा,
आणि त्या रिकाम्या मुठीतून मी
पोराची वही घेतली, घासलेट घेतलं,
रविवारच्या दानपेटीत टाकायचं नाणंही घेतलं.
प्रभू, तुझ्या दानपेटीत.

या किनाऱ्यावर काय चालतं ते तुला ठाऊक आहे.
होडीवाला आधी कुणाला मासे देतो,
आणि कशाच्या बदल्यात.
मच्छरदाण्या लेकरांवर न पडता पाण्यात पडतात,
कालच जन्मलेलं पिल्लूही त्यात वर येतं.
मंगळवारी म्वान्झाच्या बाजारात
सायकल चोरणाऱ्या पोराला मारलं.
मी धावले नाही.
मी मासे झाकले, धूळ बसेल म्हणून.

रविवारी लुशिंगे गुरुजींनी ढोल उचलला.
त्याचं कातडं एका अंगानं फाटलंय,
टायरच्या ट्यूबनं शिवलंय,
दर चौथ्या ठोक्याला तो खोकतो.
सगळे उभे राहिले. होडीवालाही.
पोराला मारणाऱ्यांतले दोघंही, मी ओळखले.
सगळ्यांचे हात वर.
माझे नाहीत.
तळव्यांना माशाचा वास येत होता
आणि मूठ उघडेना.
वाटलं, ही एवढी तोंडं, ही एवढी घाण,
आणि त्यातून वर जाणारं तुझं नाव,
ऐकून घेतोस तरी कसा?
ढोल खोकला.
गुरुजी थांबले नाहीत, पुढचा ठोका दिला.

रात्री डबा घेऊन पाण्याशी जाऊन बसले.
हात आत घातला, हातात दगड,
आणि ठोकू लागले तळ, आतून बाहेर.
धप्प. धप्प. टण्ण.
लांब सरोवरावर होड्यांचे दिवे,
जणू कुणी आभाळच आडवं पसरलंय, वाळवायला.
टण्ण.
डोळे का वाहत होते कळेना.
बोटाचं सालटं निघालं होतं, त्यानंही असेल.
आणि ओठ हलत होते.
सकाळी घशातून निघालं नाही तेच स्तोत्र,
बेसूर, मधली एक ओळ गाळून,
दगडाच्या तालावर.

अंधारातून न्यान्झोबेनं हाक मारली,
"काय गं, या वेळी कसला ढोल?"
"सराव," म्हटलं मी.

तळ सपाट झाला नाही. होणारही नाही.
पोचे राहिलेत,
त्यांत खवलं अडकतात
आणि दुपारी उगीचच चमकतात.
अशाच पोचे पडलेल्या तोंडानं
तुझं नाव घेतेय, देवा.
नवं तोंड मिळेपर्यंत थांबले असते
तर मुकीच मेले असते.

आज काबुला आली. नवरा नाही, तीन नातवंडं,
नेहमीचे दोन डबे.
पहिला भरला, वर आणखी ओंजळ टाकली.
"आज काय गं, झुकतं माप?"
ती हसली.
पाच वर्षांच्या सगळ्या मुठी
माझ्या घशाशी आल्या.
झुकतं माप तर तू दिलंस, मला, आधी,
हिशेब न मागता.
दुसरा डबा भरला.
"जरा बस काबुला," म्हटलं, "बोलायचंय."
आणि कुठून सुरुवात करावी ते सुचेना तेव्हा
माशाचा वास असलेले हे दोन्ही हात
आपोआप वर गेले.

कावळे हाकलतेय,
असं तिला वाटलं असेल.