हातचा एक

आधी नुसता तपकिरी कागद असे.
मधोमध भोक, भोकातून लेबल डोकावणार,
बाकी वाण्याच्या पुडीसारखा मख्ख.
चार-पाच तबकड्या पुठ्ठ्यात बांधल्या की त्याला म्हणायचे अल्बम;
नाव फोटोंच्या वहीचं,
आत फोटो एकही नाही.
दुकानात उभी रांग, काठावर सोनेरी अक्षरं,
थडग्यांसारखी, असं पिरोश्का बोद्नार म्हणायची.
तिला थडग्यांतलं कळत असे.
बाप मिश्कोल्त्सला दगड कोरायचा.

ब्रिजपोर्ट, कनेटिकट. कारखान्याचा दुसरा मजला.
खळ ढवळायची, ब्रश फिरवायचा, कागद ताणून बसवायचा,
हवेचा फुगा अंगठ्यानं कडेला हाकलायचा.
तासाला साठ.
हातावर पोट, अगदी शब्दशः.

मग कुणा मिसरूड फुटलेल्या चित्रकारानं
साहेबांना पटवलं म्हणे,
की गाणं आधी डोळ्यांना ऐकू येतं.
साहेबांनी विचारलं, खर्च किती?
तरी रंग आले.
जांभळ्या पडद्यापुढे पिवळी खुर्ची,
पियानोच्या पट्ट्यांचा जिना, वर चंद्र.
तबकडी तीच, सुई तीच, खरखरही तीच;
पण आता बायका दुकानातून ती छातीशी धरून नेऊ लागल्या,
चित्र बाहेरच्या बाजूला ठेवून.

एकेचाळीसचा जानेवारी. बर्फात गाडी अडकली,
न्यूयॉर्कची मॉडेल आलीच नाही.
फोटोग्राफर लँकफर्ड धापा टाकत वर आला:
हात हवाय. कुणाचाही. पण बाईचा.
मुकादमानं बोट दाखवलं.
पिरोश्कानं टर्पेंटाइननं खळ काढली,
नखांतली निघाली नाही.
त्यानं तिच्या तळहातावर एक नाशपाती ठेवली,
थंडगार, देठाशी एक हिरवं पान तारेनं बांधलेलं.
म्हणाला, दाबू नकोस. जड आहे असंही दाखवू नकोस.
दिव्यांच्या उजेडात वीस मिनिटं
ती आयुष्यात पहिल्यांदा
काहीही न चिकटवता हात पुढे धरून बसली.

नाशपाती तिनं जिन्यात खाल्ली.
शनिवारी पाकिटात अर्ध्या दिवसाची मजुरी कमी होती,
जागा सोडून गेल्याबद्दल.
हात दाखवून अवलक्षण.

तीन आठवड्यांनी गठ्ठे उतरले.
तिचाच हात, तिच्याच हाताखाली.
खळ, ब्रश, ताण, अंगठा.
नखातला पांढरा ठिपका छापखान्यानं पुसून टाकला होता.
पहिला हात तिनं हळू बसवला,
दुसरा त्याहून हळू,
चाळिसाव्यापासून सवय झाली.
एक मुद्दाम उलटा चिकटवला.
तो कुणाच्या घरी गेला असेल
याचा विचार ती पुढे बाळंतपणातही करायची.

मागच्या बाजूला बारीक अक्षरांत सगळे होते.
पियानो वाजवणारा, त्याचा गुरू,
ध्वनिमुद्रण करणारा, मुखपृष्ठाचा फोटो: लँकफर्ड.
सुई कोणती वापरावी हेसुद्धा.

पुढे तबकड्या रुंदावल्या, पुठ्ठे दारासारखे उघडू लागले.
आत माणसं काय काय लपवत, असं पोरगा सांगायचा;
तो स्वतः काय लपवायचा ते सांगायचा नाही.
मग सगळं आटत गेलं. कॅसेट, चकती.
कारखान्याच्या खिडक्यांना फळ्या लागल्या,
फळ्यांवर कुणी तरी छान रंगवलं.

एकोणनव्वदाव्या वर्षी नात डेलियानं फोन पुढे धरला:
हे बघ आजी, सापडलं.
तिळाएवढी नाशपाती.
हात कुठे आहे हे माहीत असलेल्यालाच दिसावा.
पिरोश्कानं अंगठा त्यावर ठेवला
आणि कडेकडे सरकवला,
फुगा काढावा तसा.
पडद्यावर दुसरंच काही आलं.

डेलियाला हसू आलं. मला नाही.
मी शेजारच्या खुर्चीत बसून तिची औषधं मोजत होते,
आणि शाळेतल्या बाई आठवल्या,
फळ्यावर बेरीज, डोक्यावर बारीक आकडा:
हातचा एक, विसरू नका गं.

उत्तर साफ चुकलेलं असतं,
तरी वही किती नीटनेटकी दिसते.