मुद्रक

पत्रकाच्या तळाशी, बारीक टायपात,
कायद्यानं माझं नाव असायचं :
मुद्रक – ब. दा. तिवले, शनिवार पेठ, कोल्हापूर.
वर कारखान्याचे अध्यक्ष, फेट्यातले,
गालावरची चामखीळ तशीच ठेवलेली.
"काढू नको रं," केरबा म्हणायचा,
"म्हाताऱ्या चिन्ह इसरत्यात. चामखीळ न्हाई."
केरबा हंकारेचं नाव कुठंच नसायचं.

एकतीस वर्षं.
सहा निवडणुका,
आणि एक अविश्वास ठराव, जो आलाच नाही,
कारण आदल्या रात्री सात संचालक
गगनबावड्याच्या पुढं कुणाच्या तरी फार्महाऊसवर
पांढऱ्या रश्श्याच्या पातेल्याभोवती बसले होते
आणि गाड्यांच्या किल्ल्या केरबाच्या खिशात.

यायचा रात्री दहानंतर.
सायकल गटारीच्या कठड्याला टेकवून
आधी ओली शाई हुंगायचा, मग चहा.
यादी गाववार पाठ.
"वडाचीवाडी, चारशे बारा : मयत.
पर सुनंचं म्हायार आपल्यात हाय.
चारशे तेरा : भावाशी बांधावरनं वाद.
भावाला भेटू नगासा, बांध बघून या."
तो बोलायचा, मी खिळे जुळवायचो,
आणि मेलेली माणसंसुद्धा
त्याच्या वहीत कुठल्या तरी बाजूची असायची.

'ऊस वाकंल, सभासद वाकायचा न्हाई' –
अध्यक्षांचं हे वाक्य अजून लोक सांगतात.
ते माझ्या प्रेसमध्ये लिहिलं गेलं, सिगारेटच्या पाकिटावर.
त्याला टाळ्या पडल्या तेव्हा केरबा
मंडपामागं, जनरेटरमध्ये काडी घालून
डिझेल किती उरलंय ते बघत होता.

एकदाच मी माझं नाव काढलं.
गुलाबी कागद, दोन हजार प्रती,
विरोधातल्या ज्ञानू भोगमच्या पोरीबद्दल चार ओळी.
मी म्हटलं, केरबा, हे नको.
तो म्हणाला, मलाबी नको.
मग आम्ही दोघांनी मिळून छापलं.
दोनशे बारा मतं.

पुढच्या मार्गशीर्षात भोगम आला
त्याच पोरीची लग्नपत्रिका घेऊन. दुसरीकडं का गेला नाही,
मी विचारलं नाही.
रात्री केरबानं प्रूफ वाचलं.
पोरीच्या नावातली वेलांटी चुकली होती माझी.
त्यानं ती दीर्घ केली,
आणि चहा न घेता गेला.

अध्यक्ष गेले. चिरंजीव आले.
पुण्याची कंपनी आली, टॅबलेट घेतलेली पोरं,
भिंतीवर हिरवे-तांबडे नकाशे.
"काका, तुम्ही आता आराम करा."
शाल, नारळ, एक फोटो.
फोटोत केरबा कडेला, अर्धा कापलेला.
सवयीनं तोच कडेला सरकला असणार.

त्या दिवशी पहिल्यांदा तो दुपारी आला.
शाल बगलेत, प्लॅस्टिकची पिशवी तशीच.
"शंभर कार्डं छाप. खिशात ठेवायची असत्यात तसली."
नावाखाली काय घालू?
बाहेर रिक्षावाला कुणाशी तरी सुट्ट्यावरनं भांडत होता,
ते भांडण मिटेपर्यंत तो गप्प.
'सल्लागार' लिहिलं. खोडलं.
'माजी' लिहिलं.
"कशाचा माजी, बदा?"
एकतीस वर्षं दुसऱ्यांना घोषणा पुरवणारा माणूस,
त्याला एक शब्द सापडेना.

शेवटी नाव आणि फोन नंबर.
"आन् खाली मुद्रक म्हणून तुझं घाल."
कार्डावर नसतं घालत, केरबा.
"घाल."

त्यातली सहा घेऊन गेला.
उरलेली माझ्या ड्रॉवरमध्ये, दोरा बांधून.
ट्रेडलचा डावा पाय फरशीत खचलाय,
परवा चार कार्डं घडी करून खाली सारली.
अजून थोडं ठकठकतं.