काय केल्यावर बरं वाटतं

डॉक्टर सिहाम यांनी दिलेला फॉर्म दोन पानी आहे.
पहिल्यावर: पाच वर्षांनी तुम्ही कुठे असाल?
दुसऱ्यावर: गेल्या पंधरा दिवसांत झोप कशी लागली?
शून्य ते तीन, एका आकड्याभोवती गोल करा.

पहिलं पान मी पेन्सिलीने भरतेय.
खोडून खोडून कागदाला तिथे लव आलीय.
लंडनची परीक्षा, की भारतातली, की इथलंच लायसन्स.
बालरोग लिहिलं, पुसलं.
त्वचारोग लिहिलं,
तर आई फोनवर म्हणाली,
त्यात रात्री-अपरात्री उठावं लागत नाही ना?

बाबांचा व्हिसा मार्चमध्ये संपतो.
समुद्राचं पाणी गोड करणाऱ्या कारखान्यात
ते एकवीस वर्षं स्टोअरकीपर.
चिपळूणच्या फ्लॅटवर माझ्या फीचं कर्ज.
फॉर्मवर ह्याला चौकट नाही.

दुपारी वॉर्डात एक गवंडी आणला, ऊन लागलेला.
खाट नऊ, रामसनेही.
मी हिस्टरी घ्यायला बसले:
कधीपासून होतंय? कशाने वाढतं?
काय केल्यावर बरं वाटतं?
सलाईन थेंब थेंब उतरत होतं.
त्याने डोळे किलकिले केले, म्हणाला,
बिटिया, खाना खाया?
मी वहीत लिहिलं:
रुग्ण शुद्धीवर. स्थळकाळाचं भान उत्तम.

नाझनीन मुकादम, माझी रूममेट, मूळ श्रीवर्धनची.
तिचं सगळं ठरलंय. ऑर्थो.
हाडं खोटं बोलत नाहीत, म्हणते.
परवा ती नळ सोडून रडत होती
आणि मी बाथरूमबाहेर टॉवेल घेऊन उभी,
जणू माझीच आंघोळ राहिलीय.
नळ बंद झाला. दार उघडलं.
"गरम पाणी आहे का?" मी विचारलं.
"आहे," ती म्हणाली.
एवढंच.

आज रात्री एक वाजता तिने पुस्तक मिटलं
आणि काही न बोलता चपला घातल्या. मीही.
हॉस्टेलचं दार ढकललं
तर रास अल खैमाचा ऑगस्ट
न पिळलेल्या फडक्यासारखा तोंडावर आला
आणि दोघींच्या चष्म्यांवर एकदम वाफ धरली.
खाडी गेली, खारफुटी गेली,
पलीकडच्या हॉटेलांचे दिवे गेले,
मार्च गेला.
मी ओढणीचं टोक शोधत होते.
"पुसू नकोस इतक्यात," नाझनीन म्हणाली,
मग थेट राउंडवरच्या आवाजात:
"कधीपासून होतंय?"
दुसऱ्या वर्षापासून.
"कशाने वाढतं?"
पेन्सिलीने.
ती इतकी हसली की रखवालदार खुर्चीतून उठला.
"आणि तुझं?" मी म्हटलं.
ती गप्प. मग म्हणाली,
"सांगते. आधी चहा."

काचा कडेकडेने निवळत गेल्या.
आधी टपरीचा हिरवा दिवा,
मग कागदी कप धरलेला तिचा हात,
नखाखाली अजून मार्करची शाई.
तिसऱ्या प्रश्नापर्यंत आम्ही पोचलोच नाही.
तिचंच बोलणं अडीचपर्यंत चाललं.

फॉर्म उद्या दहाला द्यायचाय.
पहिलं पान तसंच आहे, लव आलेलं.
दुसऱ्यावर मी तीनभोवती गोल केलाय,
पेनने.