साठा

किरुनात रात्री दीड वाजता
खाली, तेराशे मीटरवर, सुरुंग उडतो.
कपाटातल्या बश्या एकमेकींना लागतात.
गाव कूस बदलतं आणि झोपतं.
मी जागाच असतो.
पोटऱ्यांत कुणीतरी वाळू चाळत बसलंय.
उठतो, फ्रीजरमधला ट्रे पिळतो,
एक खडा दाढेखाली फोडतो.
बाहेर उणे सव्वीस,
आणि मी बर्फ खातोय.
इंगेला उशीत तोंड घालून म्हणते,
तुझ्या तोंडातून खाणीचा आवाज येतो.

सहा वर्षं झाली सुई घेऊन.
दर दोन आठवड्यांनी, मांडीत, स्वतःच्या हाताने.
सगळ्यात आधी आवाज उतरला.
आत्या फोनवर दचकली : ‘वाल्फ्रिड?’
तिचा भाऊ, माझा बाप,
जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं.
म्हटलं, नाही, मी. त्याचा धाकटा.
ती कितीतरी वेळ गप्प.
मग म्हणाली,
‘धाकट्या, जेवलास का?’

बापाने खाणीत रक्ताचं पाणी केलं म्हणतात.
खोटं आहे ते.
एकसष्टाव्या वर्षी पायातली गाठ फुफ्फुसात गेली
आणि तो स्वयंपाकघरात, एकच बूट घातलेला,
बसल्या जागी गेला.
पाणी कुठं झालं होतं?

म्हणून कागदावर चोपन्न आलं तेव्हा घाबरलो.
हिमॅटोक्रिट : शंभर भाग रक्तात
चोपन्न भाग नुसत्या लाल पेशी.
डॉक्टर म्हणाल्या, एकदा रक्त काढू, मग बघू.
मी ‘मग बघू’ ऐकलंच नाही.
इथं डॉक्टर दक्षिणेतून येतात, पंधरवड्यापुरते,
बॅगेत जाड मोजे घेऊन.
प्रत्येक नव्या डॉक्टरला मी बापाचा बूट सांगितला,
प्रत्येकाने एक पिशवी लिहिली.

माझं कामच मोजणीचं.
एका गाडीला अडुसष्ट वाघिणी, नार्विकच्या बंदराला.
पण एका पिशवीबरोबर पाव ग्रॅम लोखंड जातं
हे मी कधी मोजलं नव्हतं.

आउने कुओक्सूने दंडाला पट्टा बांधला, आणि थांबली.
‘गालात काय आहे?’
बर्फ.
‘रोज?’
रोज.
पट्टा सोडून तिने जुने कागद उलटे लावत नेले.
‘फेरिटिन सहा. कोणी पाहिलंच नाही?
रक्त दाट आहे तुझं, आणि साठा रिकामा.
दोन्ही खरं.’
मग खिडकीकडे हनुवटी केली.
तिकडे जुन्या गावातली घरं अख्खी उचलून
ट्रेलरवर चढवत होते,
खालची जमीन पोकळ झाली म्हणून.
‘तुला आणखी काय समजावू?’

आता पिशवी बंद.
सुई आठवड्याला, पण निम्म्याहून कमी.
घोरतो का, ते तपासायला रात्री नाकाशी नळी.
लोखंडाची गोळी एक दिवसाआड, एकच.
घाईने भरलं तर पेशी पुन्हा चढतील;
दर सहा आठवड्यांनी नवा कागद.
तहान नसली तरी पाणी.

उठता उठता विचारलं,
डोस कमी केला तर आवाज परत जाईल का?
प्रश्न विचारताना तो थोडा चिरकलाच.
आउने हसली नाही.
‘उतरला तो उतरला.
तो काही साठ्यातून येत नाही.’

गाडीत बसून, काचा वर करून,
उगाच बापाचं नाव घेतलं. मोठ्यानं.

रविवारी आत्या डबा घेऊन आली :
रेनडिअरच्या रक्तात जवाचं पीठ मळून उकडलेले उंडे,
वर लोण्याचा गोळा.
सांगितलं, हळूहळू भरायचंय, दोनच वाढ.
तिने चार वाढले.

दीड वाजता बश्या वाजल्या.
ट्रेमध्ये बर्फ होता.
एक खडा घेतला,
हातावर वितळेपर्यंत धरला,
आणि मग, खरं सांगतो, दुसरा चावला.