बोंड

चिस्तोपोलला कामा नदी गोठली की
मिन्झिफाची बोटंही आखडतात.
घड्याळाच्या किल्लीचं बोंड
मसुराएवढं, दाते झिजलेले,
चिमटीतून निसटतं ओल्या साबणासारखं.

बावीस वर्षं कारखान्यात
हीच बोंडं बसवली तिनं.
जरा मोठं का नाही करत,
विचारलं होतं एकदा.
फोरमन म्हणाला, मनगटाला टोचतं.

रिफ्कातच्या मनगटाला
आता काय टोचणार.

काकडीच्या बरणीचं रबर
ती बोंडाला गुंडाळते, धरते, फिरवते.
कर्र. कर्र.
अठरा, एकोणीस,
विसाव्याला थांबते.

पीळ भरला की हात आवरायचा,
कारखान्यात पहिल्याच दिवशी शिकवलेलं.
रिफ्कातशी भांडताना मात्र
तिला ते एकदाही
जमलं नव्हतं.